हे आले आणि हेलिकॉप्टर पडलं

आमच्या घरात लढाऊ हेलिकॉप्टर फक्त मला चालवता येतं, आणि ही गोष्ट पाच महिने आमच्या ह्यांना माहीत नव्हती.

लगेच कोणी गैरसमज करून घेऊ नये. मी सैन्यात नाही. मी फुलंब्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. रोज शहरातल्या गारखेड्यातून निघते, जीपनं जाते, जीपनंच येते, आणि त्या जीपमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही तर मला मळमळतं! माझं हेलिकॉप्टर कॉम्प्युटरमध्ये आहे. पण म्हणून त्याला 'गेम' म्हणायचं नाही. मी एकदा म्हणाले, तर माझा मुलगा ओंकार दोन दिवस नीट बोलला नाही. त्याला सिम्युलेटर म्हणायचं. खऱ्या लढाऊ हेलिकॉप्टरची हुबेहूब नक्कल, प्रत्येक बटण खऱ्यासारखं, आणि पडलं की आवाजही खऱ्यासारखा. (तो आवाज मी पुष्कळ ऐकला आहे.)

आता पंचावन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, मला हे सुचलं कुठून? तर ओंकारमुळं.

ओंकार आमचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेला. पोरगं वाईट नाही. रोज फोन करतं. पण फोन कसा, ऐका.

"जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

"जेवण."

"थंडी आहे का रे?"

"आहे."

"बरं."

"बरं. बाबांना दे."

मग हे फोन घेतात, घसा खाकरतात आणि विचारतात, "जेवलास का?"

संपलं! दोन मिनिटं. फोन ठेवला की आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो. मग हे म्हणतात, "जेवलाय तो," आणि मी म्हणते, "व्हय, ऐकलं मी." एवढ्यावर पुढचे चोवीस तास काढायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याची लई आठवण यायची. त्याची खोली मी रोज झाडायची. कॉलेजात असताना त्यानं जमवलेला मोठा कॉम्प्युटर, खुर्ची, पायातली पेडलं, सगळं तिथंच होतं. त्यावरची धूळ मी अशी पुसायची की शेवटी काही बटणांवरची अक्षरंच गेली.

गेल्या वर्षी तो दहा दिवस सुट्टीला आला. एका शनिवारी दुपारी खोलीचं दार लावून बसला. मी चहा घेऊन गेले, तर आतून आवाज. मी दाराला कान लावला. (आईनं दाराला कान लावला तर त्याला चोरून ऐकणं म्हणत नाहीत, काळजी म्हणतात.) आणि काय सांगू! माझं पोरगं बोलत होतं! साडेतीन तास बोलत होतं! हसत होतं, चिडत होतं, चिडवत होतं, आणि सगळी वाक्यं पूर्ण! कर्ता, कर्म, क्रियापद! देशोदेशी पांगलेले त्याचे सात-आठ मित्र दर शनिवारी हवेत भेटतात, हेलिकॉप्टरं उडवतात आणि पोटभर बोलतात, हे मला तेव्हा कळलं. चहा दाराबाहेर गार झाला, मी तिथंच उभी होते.

तो परत गेला, आणि मी आठवडाभर विचार केला. फोनवर तो मला दोन मिनिटं देतो आणि हवेत मित्रांना साडेतीन तास. मग आपणच हवेत जायला काय हरकत आहे?

"मला शिकव," मी फोनवर म्हणाले.

"काय?"

"ते हेलिकॉप्टर."

"आई, अवघड असतं ते. महिनोन् महिने लागतात."

"मी चौथीच्या पोरांना भागाकार शिकवते. त्याच्यापेक्षा अवघड असतं का?"

तो हसला. फोनवर हसला! मी तेव्हाच ठरवलं की हे हेलिकॉप्टर आता शिकायचंच.

शिकणं म्हणजे काय झालं ते थोडक्यात सांगते. डाव्या हाताला एक दांडा असतो, त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. ओढला की हेलिकॉप्टर वर, सोडला की खाली. (आमचा दांडा ओंकारनं नळाच्या प्लास्टिक पाइपाचा घरीच केलेला.) उजव्या हातात एक काठी, ती जिकडं कलेल तिकडं हेलिकॉप्टर कलणार. पायात दोन पेडलं, त्यांनी नाक डावीउजवीकडं फिरतं. एवढंच असतं तर मीही म्हणाले असते, काय त्यात! पण यातलं एक हलवलं की उरलेली दोन रुसतात. त्यांची समजूत काढायला जावं तर पहिलं बिघडतं. एकत्र कुटुंबात वीस वर्षं काढलेली बाई मी, मला हा प्रकार ओळखीचा वाटला, तरी जमेना.

नुसतं सुरू करायलाच बेचाळीस बटणं! मी रीतसर टाचण काढलं. आम्ही शिक्षक रोजच्या पाठाचं काढतो तसंच. वहीवर समास आखला, लिहिलं: 'घटक: हेलिकॉप्टर सुरू करणे. शैक्षणिक साहित्य: हेलिकॉप्टर.' पहिल्या दिवशी पस्तिसाव्या बटणापर्यंत गेले आणि कुकरची शिट्टी झाली. परत येऊन पाहते तर बॅटरी उतरलेली. उडण्याआधीच बंद पडलेलं हेलिकॉप्टर बघून ओंकार म्हणाला, "आई, हे मी पहिल्यांदा बघतोय."

सगळ्यात अवघड म्हणजे हवेत एका जागी थांबणं. पुढं जाणं सोपं, पडणं त्याहून सोपं. पण थांबायचं म्हटलं की माझं हेलिकॉप्टर डावीकडं झुकायचं, मी उजवीकडं ओढायची, ते दुप्पट उजवीकडं जायचं, मी चिडून डावीकडं ओढायची, आणि चौथ्या झोक्याला आम्ही जमिनीत.

"आई, तू प्रत्येक गोष्ट दुरुस्त करायला जातेस," ओंकार सवड मिळेल तेव्हा थोडा वेळ येऊन कानात सांगायचा. "एवढंसं हलव आणि सोड."

"सोडू कसं? पडंल की!"

"नाही पडत. सोडलं की तेच सावरतं."

मला काही ते पटायचं नाही.

पण एक गोष्ट या सगळ्याच्या वरताण होती. या हेलिकॉप्टरमध्ये दोन सीट असतात, एकामागं एक. चालवणारा मागं, गोळ्या झाडणारा पुढं. मी मागं, ओंकार पुढं. तो जर्मनीत बसून डोकं हलवतो, ते यंत्राला कळतं, आणि इथं पडद्यावर त्याचं हेल्मेट तस्संच हलतं. तो हसला की हेल्मेट हलायचं. लहानपणी लिहिताना तो मान डावीकडं टाकायचा, किती ओरडले असेन मी त्यावरून! पहिल्याच दिवशी नकाशा बघताना पुढचं हेल्मेट हळूच डावीकडं कललं, आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पाणी आलं म्हणून डोंगर दिसला नाही. डोंगर दिसला नाही म्हणून आदळलो.

"आई! समोर डोंगर होता!"

"व्हय रे, दिसला नाय."

"एवढा मोठा डोंगर?"

मी काय सांगणार! म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय.

माझं माहेर मेंढपाळाचं. देवगाव रंगारीजवळ. वडिलांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, मागं मेंढरांबरोबर पुष्कळ चाललेली मी, त्यामुळं लढाईपेक्षा माझं लक्ष खालच्या जमिनीवर जास्त. एकदा शत्रूचा रणगाडा शोधत आम्ही एका खोऱ्यातून चाललो होतो. मी म्हणाले, "ओंकार, इथं मेंढरं बसवायला काय झकास जागा हाय रे!" पुढचं हेल्मेट हलायला लागलं ते थांबेचना. तेवढ्यात रणगाड्यानं आम्हाला पाडलं. पण त्यानंतर पंधरा मिनिटं तो मला दादांच्या गोष्टी विचारत होता. त्याला आजोबांच्या गोष्टींत रस आहे हे मला जळत्या हेलिकॉप्टरात बसून कळलं.

आता ह्यांच्यापासून हे लपवलं का? तर आमचे हे शेंद्र्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, तिथं स्टोअरला, म्हणजे सामानाची कपाटं सांभाळायला होते. वायफट गोष्ट दिसली की ती कुठल्या कामाची, असं विचारायची सवय. पंचावन्न वर्षांची बायको हेलिकॉप्टर पाडत बसलीये, हे कुठल्या कपाटात ठेवायचं ते त्यांना कळलं नसतं. म्हणून मी सांगितलं, "ऑनलाइन प्रशिक्षण आहे." आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणं एवढी असतात की घरच्यांनी विचारणंच सोडलेलं असतं. एकदा फक्त हे दाराबाहेरून म्हणाले, "अगं, गोळीबाराचा आवाज यायलाय."

"आपत्ती व्यवस्थापन!" मी आतून ओरडले.

"बरं, बरं. चालू दे."

पाच महिने असेच गेले. आणि एका गुरुवारी ओंकारचा फोन आला. जेवणाचं विचारायच्या आत तोच म्हणाला, "आई, शनिवारी मोठी मोहीम आहे. माझा पायलट आजारी पडलाय. तू येशील?"

तू येशील का, असं त्यानं मला विचारलं! दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोराला माझी गरज पडली होती. "नीट झालं तर कमांडर तुला कायमची सीट देईल," तो म्हणाला. कायमची सीट म्हणजे दर शनिवारी साडेतीन तास! मी दोन दिवस शाळेत मुलांना चुकीचे पाढे सांगितले.

शनिवारी सकाळची शाळा. बाराला घरी. हे दर शनिवारी शेतावर देवगाव रंगारीला जातात आणि दिवेलागणीला येतात. त्या दिवशी तिथं एक साखरपुडाही होता, म्हणजे आणखी उशीर. मी खिचडी करून ठेवली, केस बांधले, देवाला नमस्कार केला, फोन गप्प करून ठेवला (कमांडरचा नियम) आणि चार वाजता खुर्चीत बसले.

कमांडर म्हणजे मूळचा साताऱ्याचा पोरगा, सध्या आयर्लंडला. आवाज एकदम कडक. "सर्वांनी ऐका. वायरलेसवर कामापुरतंच बोलायचं. नवीन पायलटचं नाव काय ठेवायचं?"

"सगळे मला बाई म्हणतात," मी म्हणाले.

"ठीक. बाई, ओंकारशी बोलायचं बटण वेगळं, सगळ्यांशी बोलायचं वेगळं. गल्लत नको."

"नाही होणार. तुम्ही पण जरा हळू बोला, तोंडात शब्द चावू नका."

कोणीतरी खुदकन हसलं. पुढचं हेल्मेटही हललं.

काम असं होतं: आपले तीन इंधनाचे टँकर मागच्या खोऱ्यातून यायचे होते, त्यांची राखण करायची. चार हेलिकॉप्टरं टेकडीआड दबा धरून थांबली. राखण करणं माझ्या रक्तात! आणि देवाची करणी बघा, त्या दिवशी माझं हेलिकॉप्टर बऱ्यापैकी एका जागी थांबलं होतं. थोडं डुलत होतं, पण थांबलं होतं. "आई, मस्त," ओंकार म्हणाला. मला वाटलं, मिळाली सीट.

तेवढ्यात खिडकीतून काय दिसलं! आमच्या समोरचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला, म्हणून येणंजाणं मागच्या फाटकातून. आणि त्या मागच्या फाटकाशी एक पांढरी गाडी थांबली, तिच्यातून आमचे हे उतरले! माझा हात नको त्या बटणावर पडला.

"अगंबाई! हे आले!"

"कोण आले?" कमांडर.

"हे! हे आले ना!"

"कुठून?"

"मागून! मागच्या बाजूनं!"

"किती?"

मी मान उंचावून पाहिलं. ह्यांच्या मागून धोतर-टोपीतले एक गृहस्थ आणि एक बाई उतरत होत्या. "तिघं! उतरायलेत!"

"तीन गाड्या, पायदळ उतरतंय!" कमांडर गरजला. "सगळ्यांनी मागं वळा! मारा!"

"थांबा! थांबा!" ओंकार ओरडला. तिथल्या सगळ्यांत अर्थ कळलेला तो एकटाच. "हे म्हणजे आमचे बाबा!"

"त्या गाड्यांत तुझे बाबा आहेत?"

"गाड्यांत नाही रे! घरी!"

पण उशीर झाला होता. तीन हेलिकॉप्टरांनी होतं नव्हतं ते सगळं मागं झाडलं. खोरं पेटलं.  मग कमांडरचा आवाज, पार उतरलेला: "बाई... ते आपले होते."

"आपलेच आहेत हो," मी खिडकीकडं बघत म्हणाले, "पण एवढ्या लवकर कसे आले?"

दारावर थाप पडली. मी ताडकन उठले. कानावर हेडफोन आहे हे विसरले. वायर ताणली, निसटली, आणि सगळा आवाज कॉम्प्युटरच्या मोठ्या स्पीकरमधून घरभर! (माइक टेबलावरचा वेगळा, आणि मघाचं ते बटण दाबलेलंच राहिलेलं.) मी पळत जाऊन दार उघडलं.

"फोन का उचलीना गेलीस?" हे दारातच. "तीनदा लावला! हे फुलंब्रीचे पाहुणे. साखरपुड्यात भेटले. त्यांची पोरगी आहे, आपल्या ओंकारसाठी. म्हटलं, चला, घर दाखवतो."

सोयरिकीची माणसं! आणि मी घरच्या साडीत, कानांवर हेडफोन तसाच. "या, या, बसा," असं मी म्हणते आहे तोच आतून आवाज आला.

"आई! आई, पडतोय मी! मला सोडून कुठं गेलीस? आई!"

ह्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "ओंकार आला?" ते म्हणाले. चप्पल न काढता, पाहुण्यांना ओलांडून ते खोलीत धावले. दाराआड बघितलं. कपाटाआड बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं, त्या कंबरेनं! "कुठंय? कुठंय गं?" इतके दिवस मला वाटायचं की ह्यांना फक्त तो जेवला का एवढंच जाणून घ्यायचं असतं. वाकलेल्या ह्यांना बघून माझं मलाच वाईट वाटलं.

"तो... तो पुढच्या सीटवर आहे," मी म्हणाले आणि खुर्चीत बसून दांडा धरला. हेलिकॉप्टर टेकडीवर आदळायच्या बेतात होतं. एवढंसं हलवलं. सोडलं. सावरलं!

हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. पडद्यावरच्या हेल्मेटकडं बघत हळू म्हणाले, "हा ओंकार?"

"व्हय."

"आपला?"

"मग काय शेजाऱ्यांचा?"

हे पुढं वाकले, घसा खाकरला. "ओंकार, जेवलास का?"

हेल्मेट वर-खाली झालं. "हो बाबा."

"अगं, मान हलवली त्यानं!" हे पाहुण्यांकडं वळून म्हणाले. "मान हलवली! काय जेवलास रे?"

"कृपया मोहिमेपुरतं बोला," कमांडर मधेच.

"तू कोण रे?" आमचे हे भडकले. "आं? बाप बोलतोय त्याचा! तू जेवलास का?"

 मग तो कडक आवाज बारीक झाला. "नाही काका. अजून नाही."

"मग आधी जेव! लढाई कुठं पळून चालली का?"

सगळं किती छान चाललं होतं! मी हेलिकॉप्टर हवेत धरलेलं, पोरगा समोर, नवरा मागं, कोणी रागावलेलं नाही. आणि तेवढ्यात फुलंब्रीचे पाहुणे खोलीच्या दारात आले आणि अदबीनं म्हणाले, "नमस्कार बाई."

आता सांगा, दारात पाहुणे उभे, सोयरिकीचे, वयानं मोठे, नमस्कार करतायत. माणूस काय करेल? मी वळले आणि दोन्ही हात जोडले.

दोन्ही!

"आईईई!" एवढंच ऐकू आलं. मग तो आवाज, खऱ्यासारखा. पडदाभर जाळ. पाहुणीबाईंनी तोंडाला पदर लावला आणि हंबरडाच फोडला, "गेलं! पोरगं गेलं!"

"नाय नाय, जिता आहे," मी हात जोडलेलेच ठेवून म्हणाले. "दर शनिवारी जातो तो. तुम्ही चहा घेणार ना?"

चहा घेतला त्यांनी. पण पाहुणीबाई कप हातात धरून सारख्या त्या खोलीच्या दाराकडं बघत होत्या. आठ दिवसांनी निरोप आला: मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण जी बाई नमस्कारासाठी पोटचं पोरगं सोडते, ती सुनेला काय धरून ठेवणार! 

त्या शनिवारी संध्याकाळीच, पाहुणे गेल्यावर, कमांडरनं मला पथकातून काढलं. रीतसर, नम्र शब्दांत. स्वतःचे तीन टँकर आणि एक मुलगा, एवढं नुकसान त्यांच्या पथकाचं कुठल्या शत्रूनंही केलं नव्हतं म्हणे. कायमची सीट गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन गार खिचडी गरम करत होते, आणि खरं सांगते, मला रडू आलं होतं.

तेवढ्यात ओंकारचा फोन आला. साधा फोन.

"आई, तुला अक्कल आहे का?"

आणि मग तो जो सुटला! कलेक्टिव्ह का सोडलं, पेडलवरचा पाय का काढला, बटणांची गल्लत कशी केली, हेडफोन का ओढला, नमस्कार एका हातानं करता येत नाही का, पाहुणे कोण होते, मला न विचारता सोयरीक कसली बघता, बाबा पलंगाखाली का शोधत होते (हे मीच मधे सांगून बसले). पलंगाखालचं त्यानं दोनदा विचारलं, मग परत पेडलवरून रागवायला सुरुवात केली. मी 'हं, हं' करत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. बावन्न मिनिटं! बावन्न! हे शेजारी उभे राहून खुणेनं विचारत होते, काय म्हणतोय? मी खुणेनंच सांगितलं, रागावतोय. हे खूश होऊन खुर्ची ओढून बसले.

"तुला पहिल्यापासून शिकावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "दर शनिवारी तीन वाजता. मोहिमेच्या आधी एक तास. फक्त तू आणि मी."

तेव्हापासून दर शनिवारी तीन वाजता आमचा वर्ग भरतो. हे शेतावर आता रविवारी जातात. शनिवारी माझ्या मागं स्टूल टाकून बसतात आणि मधूनमधून "जरा त्याला डावीकडं बघायला सांग ना" म्हणतात.

मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली. आम्ही एका मोकळ्या माळावर होतो. शत्रू नाही, टँकर नाहीत. मी ओंकारला त्याच्या आजोबांची कुठलीशी गोष्ट सांगत होते, आणि सांगता सांगता लक्षात आलं की हेलिकॉप्टर हललेलंच नाही. डुलतसुद्धा नव्हतं. माझे हात आपोआप एवढंसं हलवत होते आणि सोडत होते.

"आई!" ओंकार म्हणाला. "आई, जमलं की गं तुला! थांब, तसंच धर. अजून एक मिनिट असं ठेवलंस ना, तर मग आता तुला माझी काही..."

हे वाक्य मला तोंडपाठ आहे. दर वर्षी चौथीच्या पोरांना मी हेच सांगते: आता तुम्हाला सगळं येतं, आता तुम्हाला माझी गरज नाही. मग त्यांच्या हातात दाखला देते, ती उड्या मारत फाटकाबाहेर जातात आणि वर्गात मी एकटी फळा पुसते.

मी डावा दांडा हळूच, पण चांगला पोटापर्यंत ओढला आणि पाय काढून घेतला. हेलिकॉप्टरनं वर उसळून दोन गिरक्या घेतल्या आणि आम्ही जमिनीत.

"आई! परत तेच! आता पुन्हा पहिल्या पाठापासून!"

"व्हय रे बाळा," मी म्हणाले. "माझं डोकंच चालत नाय."

मागं स्टुलावर हे गालात हसत होते, ते मी पाहिलं.  एकतीस वर्षं मी पोरांना घासूनपुसून पास करत आले, पण नापास होण्यात एवढं सुख असतं, हे मेल्यांनी एकानंही मला कधी सांगितलं नाही!